पंधराच्या डब्यातलं सोळावं माप

पितांबरभाऊंनी पंधरावं माप हंड्यात ओतलं आणि डबा हलवून पाहिला. आत तेल अजून डुचमळत होतं. त्या आवाजासरशी मांडवभर हात जोडले गेले.

बोरखेडीत त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सारंगखेड्यापासून तापीच्या काठाकाठाने जेवढी गावं आहेत, तिथली निम्मी माणसं आली होती. बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमधून आल्या होत्या, शहाद्याहून दोन जीपगाड्या भरून आल्या होत्या, आणि शेजारच्या मळ्यात केळी कापणारे मजूर घड बांधावर टाकून कुंपणापाशी येऊन उभे होते. एवढा जमाव कशासाठी, तर एक तेलाचा डबा रिकामा होताना बघायला.

सोळावं माप काठोकाठ भरलं. सतरावं निम्म्यापर्यंत जाता जाता थांबलं. पंधराचा डबा, आणि तेल निघालं जवळजवळ साडेसोळा. मग जो जयजयकार झाला त्याने पिंपळावरची पाखरं उडाली.

"तेल म्हणजे काय?" अखूट महाराज गादीवरून बोलू लागले. "तेल म्हणजे बियांचे अश्रू. अश्रूंना माप असतं का? माप माणसाचं, वाढ देवाची. मी कोण? मी काहीच नाही. मी रिकामा डबा."

महाराजांच्या बोलण्याला बूड नसायचं की शेंडा, पण ठेका मोठा झकास असायचा. जे कधीच सरत नाही ते अखूट, आणि हे नाव त्यांना लोकांनीच दिलं होतं. महाराज कशाला हात लावत नसत, हीच त्यांची मोठी शोभा होती. डबा भक्ताने स्वतः दुकानातून आणायचा, सील भक्तानेच फोडायचं, आणि माप घालायचं पितांबरभाऊंनी, तेही दूध डेअरीतल्या शिक्क्याच्या लिटरच्या मापाने. पंधरा मापं भक्ताची आणि वरचं तेल देवाचं. महाराजांनी फक्त डोळे मिटायचे. आता यात खोट काढणार कोण? पितांबरभाऊ म्हणजे डेअरीचे जुने चेअरमन. त्यांच्या मापावर उभ्या आयुष्यात कुणी बोट ठेवलेलं नव्हतं.

गर्दीत मागे उभी असलेली मयूरी बघत होती ती आपल्या वडिलांच्या, पितांबरभाऊंच्या हाताकडे. हात थरथरत नव्हता, माप तिरकं होत नव्हतं. तिचा बाप चोरी करत नाही हे तिला माहीत होतं. आणि तेल वाढत नाही हेही तिला माहीत होतं, कारण शहाद्याच्या शाळेत ती विज्ञान शिकवत असे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, ते मात्र तिला उमगेना, आणि त्याचाच तिला संताप येत होता.

ती माहेरी आली होती ते तेलासाठी नव्हे. तिचा भाऊ नवनीत सुरतेला कामाला होता. त्याची मुलगी रोशनी, पहिलीतली, तिला सोमवारी शाळेत फीट आली. दीड वर्षात आली नव्हती ती आली, आणि पोर बाकावरून पडून कपाळाला खोक पडली. औषध वेळच्या वेळी चालू होतं. सकाळी एक चमचा, संध्याकाळी एक चमचा. मयूरीची वहिनी रूपाली म्हणाली, एक वेळ चुकवली नाही, देवाची शपथ. आणि ते खरंच होतं.

फक्त चमचा बदलला होता.

मयूरीला ते दिसलं बुधवारी संध्याकाळी. रोशनीला औषध पाजण्याचा मान घरात दगूफुईचा. दगूबाई म्हणजे पितांबरभाऊंची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली आणि या घरातली तिसरी पिढी वाढवत असलेली. फुईने देव्हाऱ्यातून तांब्याची पळी काढली, तीर्थाची असते तशी, औषधाने भरली आणि मंत्र पुटपुटत रोशनीच्या तोंडात रिकामी केली. ही महाराजांची अक्षय पळी होती. हिने औषध द्या, बाटली लवकर सरणार नाही, असा आशीर्वाद होता. आणि बाटली खरोखरच सरत नव्हती! आधी दहा दिवसांत तळ गाठायची, आता महिना गाठायला आली होती. फुई हे सगळ्या गल्लीला सांगत सुटली होती.

बाटलीवर प्लास्टिकचं झाकण असतं, आत बारीक रेघा असलेलं, ते कुठाय म्हणून मयूरीने विचारलं. ते रोशनीच्या भातुकलीत चहाचा पेला झालं होतं. मयूरीने ते धुतलं आणि पळी पाण्याने भरून त्यात ओतली. डॉक्टरांचा चमचा म्हणजे पाच मिलिलिटर, त्याची रेघ ठळक होती. एक पळी ओतली, पाणी खालीच राहिलं. दुसरी ओतली, तरी रेघ वरच. तिसरी अर्धी ओतली तेव्हा कुठे पाणी रेघेला लागलं. पळी दोन मिलिलिटरची होती. पोरीच्या पोटात निम्मंसुद्धा औषध जात नव्हतं, मग बाटली महिनाभर पुरेल नाही तर काय?

मयूरीने घरात सगळ्यांना बोलावून झाकण दाखवलं, पुन्हा ओतून दाखवलं. रूपालीचे डोळे भरून आले. पण फुईने पळी पदराने पुसून परत देव्हाऱ्यात ठेवली.

"तेल वाढस, ते मी मन्हा डोयाघाई देखेल शे," ती शांतपणे म्हणाली. "मंग दवाई वाढनी त्यामा काय नवल? उद्या तू बी देख. मंग बोल."

रूपालीने सासऱ्यांकडे पाहिलं. पितांबरभाऊ म्हणाले, तेल मी स्वतः मोजतो. त्या एका वाक्यापुढे पाच मिलिलिटरची रेघ काही टिकली नाही. संध्याकाळचं औषध होऊन गेलं होतं, पण सकाळी पुन्हा पळीच निघाली. मयूरीने झाकण पुढे केलं, तर फुईने पोरीला कडेवर घेऊन पाठ फिरवली. या घरातून पळी काढायची तर आधी मांडवातलं तेल वाढायचं थांबायला हवं, हे मयूरीला तेव्हाच कळून चुकलं. म्हणून ती मांडवात आली होती.

आता डोळ्यांनी पाहून झालं होतं, आणि पुढचा डबा कुणाचा म्हणून गर्दी सरकत होती. मांडवाच्या तोंडाशी महाराजांचा चेला भिकन उभा होता. तो प्रत्येक डबा फिरवून फिरवून बघे, सील तपासायला म्हणून, आणि मग आत सोडी. गजराबाई नावाच्या एका म्हातारीचा डबा मात्र त्याने बाजूला सारला. हा डबा अशुद्ध आहे, म्हणाला, याला कुणाची तरी सावली पडली आहे, दुसरा आणा. गजराबाई बिचारी काकुळतीला आली. तिच्या पोराने डबा उचलला आणि दोघं बाहेर निघाली.

मयूरी त्यांच्या मागोमाग गेली. कुणाची सावली पडली असेल बरं, म्हणत तिने डबा उन्हात धरून चारी बाजूंनी वाचला. शेंगदाणा तेल. शुद्ध. आणि खाली बारीक अक्षरात: पंधरा लिटर.

ती तशीच परत आली आणि मांडवात रिकाम्या पडलेल्या डब्यांपैकी एक उचलून वाचला. पंधरा किलो. दुसरा वाचला. पंधरा किलो. तिसराही तोच.

तिला हसू आलं, आणि लगेच स्वतःचाच रागही आला. सातवीच्या वर्गात ती दरवर्षी हाच धडा शिकवत होती.

संध्याकाळी बाप-लेकीची ओट्यावर जुंपली. पितांबरभाऊंना वाटलं, पोरगी आपल्या हातावर संशय घेते आहे. त्यांचा आवाज चढला.

"मन्हा हात खोटा शे का?"

"हात खरा शे, आबा. माप बी खरं शे. डबा बी खरा शे," मयूरी म्हणाली. "पन डबा किलोना शे नि माप लिटरनं."

पितांबरभाऊ हसले. डेअरीवर आयुष्य गेलेल्या माणसाला किलो-लिटर शिकवतेस? आणि त्यांचं हसणं अगदी पोकळ नव्हतं. तापीकाठच्या या गावांत पहाटे जे मोजलं जातं ते दूध, आणि दुधाचा किलो नि दुधाचा लिटर यांत एवढा कमी फरक, की बोलताना कुणी तो धरतच नाही. आज बारा लिटर घातलं म्हणा की बारा किलो घातलं म्हणा, ऐकणाऱ्याला एकच. दुधाने लावलेली सवय गावाने तेलालाही लावली होती, आणि महाराजांचं सगळं देवपण या सवयीवर पोसलं होतं.

"ते दूधनं, आबा. तेल हलकं शे."

"तेल हलकं? इतलं घट्ट तेल, नि हलकं?"

"घट्ट शे, पन पानीवर तरंगस का बुडस?"

पितांबरभाऊ हट्टी होते, पण अप्रामाणिक नव्हते. ते म्हणाले की जे काय करायचं ते पुढच्या गुरुवारी सगळ्यांसमोर कर, घरात फुसफुस नको. आणि तोवर औषध डॉक्टरांना फोनवर विचारून झाकणाने द्यायचं, असंही त्यांनी रूपालीला सांगून टाकलं. फुईला हे बोचलं. ती दोन दिवस भावाशी बोलली नाही, आणि रूपालीने दिलेल्या औषधावर पुन्हा पळीभर तीर्थ पाजत राहिली. कौल लागायचा होता तो गुरुवारीच.

फुई नवस बोलली होती, या गुरुवारी आपला डबा न्यायचा. मयूरी म्हणाली, मीही येते बाजारात. दुकानदाराने विचारलं, किलोचा देऊ की लिटरचा? फुई म्हणाली, पंधराचा म्हणजे पंधराचा, त्यात काय विचारायचं. मयूरीने बोट दाखवलं तो डबा आला. तिने काही खोटं सांगितलं नाही, पण येताना रिक्षात तिला फुईच्या तोंडाकडे बघवेना. मयूरीचं लहानपण तिच्याच मांडीवर गेलं होतं, आणि सगळ्या गावादेखत तिचाच डबा उणा पडणार होता. दुसऱ्या कुणाचा डबा नेला असता तर महाराज श्रद्धा कमी म्हणून मोकळे झाले असते. दगूबाईच्या श्रद्धेला मात्र कमी म्हणायची बोरखेडीत कुणाची छाती नव्हती.

गुरुवारी गर्दी आणखीच वाढलेली. पितांबरभाऊंनी आज डेअरीतला वजनकाटाही आणून मांडवाच्या कोपऱ्यात ठेवला होता. महाराजांनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि डोळे जरा लवकरच मिटले.

भिकनने फुईचा डबा फिरवून पाहिला आणि मान हलवली. हा अशुद्ध आहे, म्हणाला.

मग जे झालं ते बोरखेडी अजून आठवून हसते. फुई सकाळपासून निर्जळी, धुतलेल्या लुगड्यात, डबा डोक्यावरून आणलेला. ती भिकनच्या अंगावरच गेली.

"मन्हा डबा अशुद्ध? न्हाईधोईसन, उपाशी उनू मी. तू कितला दिन झाया न्हायना नही ते सांग!"

बाया खदखदून हसल्या. भिकनने चार पावलं मागे घेतली. महाराजांनी एक डोळा उघडून सूचना केली की आज ग्रहांचा योग तितकासा बरा नाही, दगूमातेने पुढच्या पौर्णिमेला यावं. पण फुईने सील फोडलंसुद्धा होतं. "मोजी लेऊ, महाराज," पितांबरभाऊ म्हणाले आणि त्यांनी माप भरलं.

गर्दी मोठ्याने मोजत होती. दहा, अकरा, बारा. तेराव्या मापाला पितांबरभाऊंनी डबा तिरका केला. चौदाव्याला पालथा केला. पंधरावं माप गळ्यापर्यंत आलं, डबा बराच वेळ निथळत ठेवला तेव्हा काठाला लागलं. पुन्हा डबा हलवला. आतून काही आवाज आला नाही.

मांडवात कुजबुज पसरली. महाराजांनी दीर्घ श्वास सोडला. "तेल वाढत नसतं, बाळांनो. श्रद्धा वाढते, तेल फक्त तिच्या मागे चालतं. आज दगूमातेच्या मनात कुठंतरी किंतू आला असेल."

फुईचं तोंड पांढरंफटक पडलं. आता गप्प राहणं म्हणजे पाप होतं. मयूरी पुढे आली आणि फुईचा हात धरून उभी राहिली.

महाराज, फुईची श्रद्धा मोजायला तुमच्याकडे माप नाही, ती म्हणाली. तेलाला मात्र आहे, ते आपण बघू. तिने डेअरीचं तेच लिटरचं माप रिकामं करून, पुसून काट्यावर ठेवलं आणि काटा शून्यावर आणला. पाणी ओतलं. आकडा आला एक किलो. आकडा वाचायला तिने गजराबाईच्या पोराला बोलावलं, म्हणजे कुणी म्हणायला नको. मग दूध ओतलं. एक किलोवर तीस ग्रॅम. पितांबरभाऊंनी मान डोलवली, हे त्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं. मग त्याच मापात फुईच्या हंड्यातलं तेल काठोकाठ भरलं.

नऊशे दहा ग्रॅम.

"पुन्हा भर," पितांबरभाऊ म्हणाले. पुन्हा भरलं. पुन्हा तेवढंच.

"हे बघा," मयूरी वर्गात बोलावं तशी बोलू लागली. "लिटर म्हणजे जागा किती व्यापली ते. किलो म्हणजे वजन किती भरलं ते. तेल पाण्याहून हलकं, म्हणून एक किलो तेल लिटरच्या मापात मावत नाही, थोडं वर उरतं. पंधरा किलोंचं उरलेलं एकत्र केलं की होतं जवळजवळ दीड लिटर. तेल डब्यात पहिल्यापासून तेवढंच होतं. आपण आणताना वजन बघितलं आणि ओतताना जागा मोजली. फुईने आज पंधरा लिटरचा डबा आणला, तो पंधरा लिटरच भरला. भिकनभाऊ आजवर हेच डबे अशुद्ध ठरवत होते. विचारा त्यांना, कुणाची सावली पडते ती."

भिकनला विचारायला पाचपंचवीस माणसं उठली, पण भिकन मांडवात नव्हता. गजराबाईच्या पोराने दारातला रिकामा डबा उचलून मोठ्याने वाचला, मग दुसऱ्याने दुसरा वाचला, आणि मग सगळेच डबे वाचू लागले. इतके दिवस या डब्यांकडे हात जोडून बघितलं होतं, पण वाचलं कुणी नव्हतं. दर डब्यामागे दीड लिटर देवाला जात होतं, आणि दहा-अकरा भक्तांमागे देवाचा एक अख्खा डबा तयार होत होता. तो देव कुठल्या दुकानात जाऊन बसत होता, हे मागाहून पोलिसांनी शोधून काढलं.

महाराज उठले. ध्यानाची वेळ झाली, म्हणाले. पण वाट द्यायला कुणी सरकलं नाही. पितांबरभाऊ हातातल्या मापाकडे बघत होते. गावाने आपल्या हातावर भरवसा ठेवला आणि या माणसाने तोच हात वापरला, हे त्यांना तेलापेक्षा फार लागलं होतं. त्यांनी माप खाली ठेवलं आणि साऱ्या गावासमोर सांगितलं की मी मोजलं ते खरं मोजलं, पण काय मोजतोय ते समजून घेतलं नाही, चूक माझी आहे.

या गदारोळात दगूफुईला तेलाचं काही पडलं नव्हतं. तिने कमरेची पिशवी सोडली, त्यातून पळी काढली आणि मयूरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"म्हंजे मन्हा हातघाई पोरले अर्धीबी दवाई भेटनी नही?"

मयूरीला मान डोलवून हो म्हणावं लागलं. फुई मांडवातच खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला. कपाळाला खोक पडलेली रोशनी तिच्या डोळ्यांसमोर आली असणार. मयूरी तिच्याशेजारी बसून राहिली. फुई, तू एक वेळही चुकवली नाहीस, ती म्हणत राहिली, तुझी माया खोटी नव्हती, पळी खोटी होती. पण फुई बराच वेळ रडत होती, आणि रडू दिलं तेच बरं झालं.

मग ती उठली. तिने डोळे पुसले आणि गर्दीतल्या बायांना हाका मारायला सुरुवात केली. महाराजांच्या पळ्या आणखी कुणाकुणाच्या घरात होत्या ते तिला तोंडपाठ होतं, कारण निम्म्या तिनेच मिळवून दिल्या होत्या. खोकल्याचं औषध, तान्ह्या बाळाचं टॉनिक, म्हाताऱ्याचं पोटाचं औषध, सगळं पळीने चाललं होतं. ती एकेकीला म्हणाली, घरी जा, बाटलीचं झाकण शोध, रेघ बघ आणि डॉक्टरला विचार.

रोशनीला घेऊन रूपाली आणि मयूरी शहाद्याला गेल्या. डॉक्टर आधी रागावले, मग पळी हातात घेऊन त्यांनी ती दोनदा भरून पाहिली आणि टेबलाच्या खणात ठेवून घेतली, पुढच्या पेशंटांना दाखवायला म्हणून. फोनवर पूर्ण मात्रा चालू करायला सांगितली होती ती त्यांनी तपासून कायम केली. औषध नियमित गेलं तर फीट आवरेल, म्हणाले, पण नजर ठेवा.

कुणी म्हणेल, तेल वाढतं असं मानलं तर बिघडलं काय, कुणाचं काय गेलं? बोरखेडीत एका पोरीचं कपाळ फुटलं, आणखीही वाईट होऊ शकलं असतं. खोट्या चमत्काराची किंमत बहुधा तो बघणाऱ्याला मोजावी लागत नाही, घरातल्या दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. तेव्हा हात जोडायचे तर खुशाल जोडा, पण त्याआधी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला विचारा. आणि विचारलेलं ज्याला खपत नाही, त्याच्या मांडवातून आपला डबा उचलून घरी या.

दहा दिवसांनी दगूफुईने बाटली खिडकीच्या उजेडात धरली, झाकणात शेवटचं औषध रेघेला रेघ लावून ओतलं आणि रोशनीला पाजलं. मग तिने सुरतेला फोन लावायला सांगितला. नवनीतने घाबरून विचारलं, काय झालं?

"काही नही रे," फुई म्हणाली. "दवाई सरनी. पुरी सरनी. इतलंच सांगानं व्हतं."